कर्नल जागा होण्याआधीचा फेरफार

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एखाद्या दूध संकलन केंद्रावर पहाटे जाऊन उभं राहा. किटली काट्यावर चढते, वजन दिसतं, फॅटचा आकडा उमटतो, पावती फाटून हातात येते. काट्यामागच्या पेटीत काय आहे याची चौकशी कुणी करत नाही, करायचं कारणही नाही. अशा पेट्यांपैकी कित्येक साध्या मायक्रोकंट्रोलरवर चालतात. पण घरातला इंटरनेटचा राउटर, दुकानदाराचं कार्ड घासायचं मशीन, खिशातला अँड्रॉइड फोन यांच्या पोटात बहुतेक वेळा लिनक्स असतं. असं कुठलंही लिनक्सवालं यंत्र चालू केलं की पडद्यावर काही दिसेपर्यंत थोडे सेकंद जातात. त्यातल्या अगदी सुरुवातीच्या क्षणी एक गंमत घडते. यंत्राचा कारभार ज्याच्या हाती जायचा आहे तो कर्नल अजून झोपेत असतो, आणि तेवढ्यात दुसराच एक छोटा प्रोग्राम त्याच्यासाठी ठेवलेला कागद उघडून त्यात दुरुस्त्या करून टाकतो.

तो कागद कसला, आणि त्याची गरज का पडते?

प्रोसेसरला वीज मिळाली की त्याला स्वतःबद्दल थोडंफार माहीत असतं. बोर्डावर आजूबाजूला काय बसवलंय याबद्दल जवळजवळ काहीच नाही. घरच्या पीसीचं एक बरं असतं. त्यातली पीसीआय कार्डं आणि यूएसबीवरची उपकरणं विचारलं की आपलं नाव सांगतात: बनवणारा अमुक, मॉडेल तमुक. बाकीची माहिती बायॉस एसीपीआय नावाच्या तक्त्यांत मांडून ठेवतो. छोट्या बोर्डांवरची मंडळी मात्र मुकी असतात. तापमान मोजणारी छोटीशी चिप दोन तारांवर लटकलेली असते. तिला नाव विचारायची ठरलेली रीतच नसते. प्रोसेसरच्या एका पायाला जोडलेली तार दिव्याकडे जाते की मोटर चालू करणाऱ्या रिलेकडे, हे त्या तारेवर लिहिलेलं नसतं. अंदाजाने वीज सोडून बघावी म्हटलं, तर दिवा लागायच्या ऐवजी मोटर सुरू व्हायची.

म्हणजे कुणीतरी सांगायला हवं. पूर्वी ते कर्नलच्याच पोटात लिहीत. आर्म प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेत एक वेगळी फाइल असायची, बोर्डाला एक नोंदणी क्रमांक मिळायचा, आणि कर्नलला जागं करणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, सुरुवातीला तो क्रमांक प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये ठेवून कर्नलला हाक मारायचा. क्रमांक हजारोंच्या घरात गेले. एक दिवा दुसऱ्या पायाला जोडला तरी नवी फाइल, नवा कर्नल. २०११ च्या मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर जाहीरपणे वैतागले. आर्मवाल्यांना मग तो रस्ता सोडावा लागला, आणि पॉवरपीसी नावाच्या दुसऱ्या प्रोसेसरच्या जगात आधीपासून रुळलेली एक पद्धत त्यांनी घेतली. २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या ३.७ या आवृत्तीपासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या आर्म चिपांवर एकच कर्नल चालवायची सोय झाली. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे कर्नलमधून बोर्डाचं वर्णन बाहेर काढलं होतं. त्या वर्णनाला म्हणतात डिव्हाइस ट्री.

सीमाभागातल्या माणसाला ते समजावून सांगायला उताऱ्याइतकं चांगलं उदाहरण नाही. कागलच्या बाजूला सातबारा, निपाणीच्या बाजूला कन्नडमधली पहाणी. कागद वेगळे, पण दोन्हीकडे जमीन स्वतः बोलत नाही, उतारा बोलतो. डिव्हाइस ट्री हा बोर्डाचा उतारा. त्यात प्रत्येक उपकरणाची एक नोंद असते, तिला नोड म्हणतात. नोडमध्ये ‘रेग’ या मथळ्याखाली पत्ता आणि क्षेत्र येतं: उपकरण मेमरीच्या नकाशात कुठून सुरू होतं आणि किती जागा व्यापतं. ‘कंपॅटिबल’ या मथळ्याखाली ते कुणाचं, कुठल्या जातीचं हे येतं. कर्नल तेवढी ओळ वाचतो आणि आपल्याकडच्या हजारो ड्रायव्हरांतून त्या नावाशी जुळणारा शोधून काढतो. आणि ‘स्टेटस’. तिथे ‘ओके’ असेल तर जमीन लागवडीखाली, ‘डिसेबल्ड’ असेल तर पड. पड लिहिलेल्या जमिनीकडे कर्नल ढुंकूनही बघत नाही, मग तिथे चिप प्रत्यक्षात बसवलेली का असेना.

बीगलबोन ब्लॅक नावाचा एक बोर्ड घेऊ. एटीएम कार्डापेक्षा फार मोठा नाही, २०१३ साली आला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आर्म चिप, ५१२ एमबी मेमरी. त्याचा पहिला सीरियल पोर्ट सोळाच्या अंकपद्धतीत ४४ई०९००० या पत्त्यावर राहतो. हा आकडा चिप बनवणाऱ्याने सिलिकॉनमध्ये कोरून टाकलेला आहे, तो बदलत नाही. असे न बदलणारे आकडे निवांत बसून, ऑफिसात, मजकुराच्या फाइलीत लिहिता येतात. मग डीटीसी नावाचा कंपायलर त्या मजकुराची एक घट्ट गाठोडी करतो, आणि ती गाठोडी कर्नलच्या शेजारी मेमरी कार्डावर ठेवली जाते. इथपर्यंत काही नवल नाही.

नवल सुरू होतं ते ऑफिसात बसून लिहिता न येणाऱ्या गोष्टींपाशी.

मेमरीचंच बघा. एकाच डिझाइनचे बोर्ड कारखान्यातून बाहेर पडताना काहींवर २५६ एमबीच्या चिपा बसतात, काहींवर ५१२ च्या. किंवा नेटवर्कचा मॅक पत्ता: जगातल्या प्रत्येक बोर्डाचा वेगळा असायला हवा, आणि गाठोडी तर सगळ्यांसाठी एकच छापलेली. दोन पेट्या एकाच मॅक पत्त्याने एका स्विचला जोडल्या तर कुणाचा निरोप कुणाला जाईल याचा नेम नाही. पत्ता अजिबातच दिला नाही तर ड्रायव्हर दर वेळी मनाने नवा बनवतो, आणि राउटर त्याच पेटीला रोज नवी पाहुणी समजतो. शिवाय बोर्डाच्या डोक्यावर आज कुठलं जादा कार्ड चढवलंय हे तर ते चढवणाऱ्यालाच माहीत.

ही सगळी माहिती बोर्डावर हजर राहूनच मिळते. आणि कर्नलच्या आधी तिथे हजर असतो तो बूटलोडर. लिनक्सच्या छोट्या बोर्डांवर तो बहुतेकदा यू-बूट असतो. उतारा कर्नलच्या हातात पडण्याआधी त्यात फेरफार नोंदवणारा तलाठी तोच.

त्याचं येणंही सरळ नसतं. बीगलबोनला वीज दिली की पहिल्यांदा चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्राम चालतो. मोठी मेमरी अजून बंद असते. तिला जागं करायचं तर तिच्या वेळा, तिचे व्होल्ट असं बरंच काही आधी ठरवावं लागतं. वापरायला असते फक्त चिपच्या आतली १२८ किलोबाइट, आणि त्यातलीही सगळी हाती येत नाही. पूर्ण यू-बूट तेवढ्यात मावत नाही. म्हणून त्याचा एक लहान तुकडा आधी आत घेतात. तो तुकडा मोठी मेमरी उठवतो, आणि मग पूर्ण यू-बूट त्या मेमरीत येऊन बसतो. एवढं होईपर्यंत आपण बटणावरचं बोट उचललेलंही नसतं.

यू-बूटचा पहिला प्रश्न: मी कुठल्या बोर्डावर आहे? बीगलबोनवर दोन तारांच्या आय-टू-सी मार्गावर पन्नास (हेही सोळाच्या पद्धतीतलं) या पत्त्यावर एक चिमुकली ईईप्रॉम चिप आहे. कारखान्यात तिच्यात बोर्डाचं नाव लिहून ठेवतात. ब्लॅकचं नाव आहे ए३३५बीएनएलटी, त्याच्या आधीच्या पांढऱ्या भावाचं ए३३५बोन. यू-बूट नाव वाचतो आणि त्यावरून कुठली गाठोडी उघडायची ते ठरवतो. गाठोडी मेमरीत आणतो आणि दुरुस्त्या सुरू करतो. मेमरीच्या नोडमध्ये खरोखर सापडलेली मेमरी लिहितो. चिपच्या आत कारखान्यातच जाळून ठेवलेला मॅक पत्ता वाचतो आणि नेटवर्कच्या नोडमध्ये ‘लोकल मॅक ॲड्रेस’ म्हणून टाकतो. ‘चोझन’ नावाच्या एका खास नोडमध्ये कर्नलसाठी सूचना ठेवतो: संदेश कुठल्या सीरियल पोर्टवर पाठवायचे, मुख्य फाइलसिस्टम कार्डाच्या कुठल्या भागावर आहे, सुरुवातीची रॅमडिस्क कुठून कुठपर्यंत पसरली आहे. ‘चोझन’मध्ये कुठल्याही उपकरणाचं वर्णन नसतं. ती उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यासारखी जागा, जमिनीबद्दल नसलेलं पण कारभाऱ्याला माहीत असायलाच हवं असं सगळं तिथे.

मग यू-बूट त्या गाठोडीचा मेमरीतला पत्ता प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये ठेवतो, ३२ बिटांच्या आर्मवर ‘आर-दोन’मध्ये, ६४ बिटांच्या आर्मवर ‘एक्स-शून्य’मध्ये, आणि कर्नलच्या पहिल्या ओळीवर उडी मारतो. परत येणं नाही. यू-बूट ज्या जागेत बसला होता ती जागाही कर्नल थोड्या वेळात इतर कामाला वापरून टाकतो. एवढा खटाटोप करून मागे उरतो फक्त एक पत्ता, एका रजिस्टरमध्ये.

गाठोडीच्या आत डोकावलं तर करामत आणखी कळते. तिचे पहिले चार बाइट कायम एकच असतात: डी, शून्य, शून्य, डी, एफ, ई, ई, डी. सोळाच्या पद्धतीत हा रीतसर आकडा आहे आणि इंग्रजीत तो ‘डूड, फीड’ असाही वाचता येतो. प्रोग्रामरांची जुनी खोड. कर्नल आधी हेच चार बाइट तपासतो. ते जुळले नाहीत तर हातात आलेलं काहीतरी भलतंच आहे. पुढे ४० बाइटांच्या मथळ्यात कुठे काय ठेवलंय याची यादी. झाडाचा मुख्य भाग म्हणजे साध्या खुणांची माळ: १ म्हणजे नोड सुरू, २ म्हणजे नोड संपला, ३ म्हणजे गुणधर्म, ९ म्हणजे झाड संपलं. गुणधर्मांची नावं दर वेळी लिहीत नाहीत. ‘कंपॅटिबल’ शेकडो वेळा येणार, म्हणून ते शेवटच्या कप्प्यात एकदाच लिहायचं आणि माळेत फक्त तिथला क्रमांक द्यायचा.

मला सगळ्यात आवडते ती खूण ४. तिचा अर्थ: इथे काही नाही, पुढे चला. एखादा गुणधर्म काढून टाकायचा असेल तर सगळी माळ डावीकडे सरकवायची गरज नाही. त्या जागेवर चाराचे आकडे भरून टाकले की झालं. वाचणारा त्यांवरून पाय न अडखळता पुढे जातो.

घालणं मात्र काढण्याइतकं सोपं नाही. माळ सलग असल्यामुळे मध्ये नवी नोंद घुसवायची तर तिच्या पुढचं सगळं उजवीकडे सरकवावं लागतं, आणि उजवीकडे जागा मोकळी असावी लागते. ती नसेल तर यू-बूट सरळ सांगतो की जागा नाही. म्हणून यू-बूटच्या प्रॉम्प्टवर ‘एफडीटी’ नावाची जी आज्ञा आहे तिचा क्रम ठरलेला आहे. आधी ‘एफडीटी ॲडर’ने गाठोडी कुठे आहे ते सांगायचं, मग ‘एफडीटी रिसाइझ’ने तिच्या शेपटीला थोडी मोकळी जागा जोडायची, मग ‘एफडीटी सेट’ने हवा तो गुणधर्म लिहायचा, आणि ‘एफडीटी प्रिंट’ने तो नीट बसला का बघायचं. रिसाइझ विसरलेल्या माणसाची पहिली संध्याकाळ कशी जाते ते विचारू नका.

हे सगळं घरबसल्या करून बघता येतं. सीरियल केबल लावायची, वेग १,१५,२०० ठेवायचा, वीज द्यायची आणि उलटी गणती संपायच्या आत कुठलंही बटण दाबायचं. गणती थांबते. कर्नल अजून मेमरीत आलेलाही नसतो; गाठोडी तेवढी मेमरीत आणा, की त्याच्या जगाचं वर्णन तुमच्यापुढे उघडं पडतं. एखाद्या दिव्याच्या नोडचा स्टेटस ‘डिसेबल्ड’ करा आणि बूट होऊ द्या. लिनक्स वर येतं, सगळं सुरळीत चालतं, फक्त त्याच्या लेखी तो दिवा नाही. दिवा बोर्डावर दिसतोय, हाताला लागतोय. कर्नलच्या जगात तो कधी जन्मलाच नाही. बंद करून पुन्हा चालू करा, दिवा परत, कारण बदल फक्त मेमरीतल्या प्रतीत होता.

आता हाच खेळ धंद्यात कसा उपयोगी पडतो ते बघू. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री, मशीन शॉप आणि इंजिनिअरिंग कॉलेजं एकमेकांच्या शेजारी आहेत. समजा, तिथल्या काही तरुण मंडळींनी दूध केंद्रासाठी पेटी बनवायची ठरवली. गावातल्या छोट्या केंद्राला फक्त काटा आणि दोन ओळींचा डिस्प्ले हवा. मोठ्याला पावतीचा प्रिंटरही हवा. शीतकरण केंद्राला टच स्क्रीन, नेटवर्क आणि टाकीच्या तापमानाचे चार सेन्सर हवेत. तीन वेगळे बोर्ड काढणं परवडत नाही. म्हणून बोर्ड एकच, ज्याला जे नको ते त्यावर बसवायचं नाही. मग कर्नलला कसं कळणार? उपाय अगदी स्वस्त आहे. प्रोसेसरच्या तीन रिकाम्या पायांवर रेझिस्टर बसवायचा, कधी वर ओढणारा, कधी खाली ओढणारा. तीन पाय म्हणजे आठ जोड्या, म्हणजे बोर्डाचे आठ प्रकार. यू-बूटमध्ये अशा कामासाठी ‘एफटी बोर्ड सेटअप’ नावाचं एक फंक्शन राखून ठेवलेलं असतं. कर्नलला हाक मारण्याआधी यू-बूट ते चालवतो. त्यात दहा-वीस ओळी लिहायच्या: पाय वाच, प्रकार ओळख, प्रिंटरच्या पोर्टचा स्टेटस त्याप्रमाणे ठेव, टच स्क्रीनचा त्याप्रमाणे. मेमरी कार्डावरचं सॉफ्टवेअर तिन्ही पेट्यांत एकच, आणि नव्या आवृत्तीची फाइल पाठवताना कुठली कुणाला याचा घोळ नाही.

(डिस्प्लेवर कन्नड दिसायचं की मराठी, हे उतारा ठरवत नाही. ते वरच्या प्रोग्रामचं काम. आपल्या भागात हा प्रश्न फॅटच्या आधी येतो, म्हणून सांगून ठेवलं.)

स्टेटस बदलून भागत नाही तेव्हा ओव्हरले येतो. ओव्हरले म्हणजे झाडाची कलमाची फांदी: मूळ झाडात अमुक फांदीवर हे हे जोड, एवढंच सांगणारी छोटी गाठोडी. यू-बूट मूळ झाड मेमरीत घेतो, त्यावर एकामागून एक ओव्हरले चढवतो आणि तयार झालेलं एकसंध झाड कर्नलला देतो. बीगलबोनवर चढवायच्या कार्डांना ‘केप’ म्हणतात. एकावर एक चार केप चढवता येतात आणि प्रत्येकीवरची ईईप्रॉम चोपन्न ते सत्तावन्न यांपैकी एका पत्त्यावर बसते. बीगलबोन बनवणाऱ्या बीगलबोर्डवाल्यांचा यू-बूट ते चारही दरवाजे ठोठावतो. ज्या दाराआडून उत्तर येतं त्या केपचं नाव वाचून तिचा ओव्हरले शोधतो. रास्पबेरी पायवर २०१४ पासून आलेल्या ‘हॅट’ कार्डांनी याच्याही पुढे मजल मारली: तिथे कार्डावरच्या ईईप्रॉममध्ये ओव्हरले स्वतःच ठेवता येतो. कार्ड येताना आपलं वर्णन खिशात घालूनच येतं. पायवर हे काम यू-बूट करत नाही. तिथे आर्म प्रोसेसरच्या आधी ग्राफिक्सची चिप जागी होते आणि तिचं फर्मवेअर ही सगळी जुळणी करून ठेवतं. अँड्रॉइड फोनमध्येही ‘डीटीबीओ’ नावाचा एक विभाग याच ओव्हरलेंसाठी राखलेला असतो. कोगनोळीच्या टोलनाक्यावर रांगेत उभे असताना फोन बंद करून चालू केलात, तर ही जुळणी तुमच्या हातातच होते.

कल्पना मुळात छोट्या बोर्डांसाठी जन्मलेली नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मिच ब्रॅडली यांनी मोठ्या वर्कस्टेशनसाठी फोर्थ भाषेत एक फर्मवेअर लिहिलं. त्यात यंत्रातल्या उपकरणांचं झाड होतं आणि ते झाड जिवंत होतं, त्याला प्रश्न विचारता यायचे. पुढे ओपन फर्मवेअर या नावाने ते १९९४ च्या आयट्रिपलई १२७५ या मानकात आलं, आणि ॲपलच्या पॉवरपीसीवाल्या मॅकमध्येही.

ते फर्मवेअर महाराष्ट्रातल्या एका धनगरवाड्यावर पोचलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असेल. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या प्राथमिक शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. भारतातला हा त्या योजनेचा पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपच्या पोटात बायॉस नव्हता; ब्रॅडली यांचंच ओपन फर्मवेअर होतं. सनच्या महागड्या वर्कस्टेशनमधला तो उपकरणांचा वृक्ष खैराटच्या पोरांच्या मांडीवर येऊन बसला होता.

छोट्या बोर्डांना इतकं मोठं फर्मवेअर परवडत नव्हतं. २००५ च्या सुमारास पॉवरपीसी लिनक्सच्या लोकांनी त्यावर तोड काढली: जिवंत झाड नको, त्याचा वाळवून सपाट केलेला नमुना द्या. फर्मवेअरला प्रश्न विचारणं बंद, एक फाइल वाचणं सुरू. हीच आजची गाठोडी. आणि पॉवरपीसीच्या बोर्डांवर ती कर्नलच्या हातात देणारा प्रोग्राम होता जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांचा यू-बूट. २००२ पर्यंत त्याचं नाव पीपीसीबूट होतं. डेंक २०२२ मध्ये गेले. त्यांचा यू-बूट कुठवर पोचला बघा: नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या सुधारित यंत्रणेत संकेतांचे आकडे करायला रोच नावाचे बोर्ड वापरले गेले. त्यांवरही पॉवरपीसी प्रोसेसर आणि सुरुवातीला यू-बूट. आकाशगंगांकडून आलेले संकेत हाती घ्यायच्या आधी तिथेही दुधाच्या पेटीसारखीच उलटी गणती होते.

एवढी सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्याकडून चूक झाली तर? कर्नल उताऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. २५६ एमबीच्या बोर्डावर ५१२ लिहिलं तर कधी तो लगेच कोसळतो, कधी सुरुवातीला छान चालतो, कारण सुरुवातीला वरची मेमरी कुणी वापरत नाही. दुपारी काम वाढलं, मेमरी भरत गेली, नसलेल्या जागेत काहीतरी लिहिलं गेलं की यंत्र कुठलंही कारण न सांगता मरतं. शोधणारा मग प्रोग्राममध्ये दोष शोधत बसतो. व्होल्टच्या नोंदीत चूक झाली तर आणखी वाईट. ती चूक कधी कधी चिपच जाळते. आणि मुद्दाम केलेली चूकही असते. ज्याच्या हाती सीरियल केबल आणि ती दोन सेकंदांची उलटी गणती आहे, तो ‘चोझन’मध्ये एक ओळ बदलून पासवर्ड न विचारता यंत्राचा मालक होऊ शकतो. म्हणून बाजारात विकायच्या पेटीत गणतीचा आकडा उणे दोन ठेवतात. मग बटण दाबून काही थांबत नाही. कर्नल आणि गाठोडी एकत्र बांधून त्यावर डिजिटल सही करायचीही सोय आहे. गंमत म्हणजे ते बांधायचं खोकं डिव्हाइस ट्रीच्याच रूपात असतं, आणि सही तपासायची किल्ली यू-बूटच्या स्वतःच्या डिव्हाइस ट्रीमध्ये ठेवलेली असते. पण सही तपासून झाल्यानंतरच फेरफार होतात, हे लक्षात ठेवायला हवं. शेवटी विश्वास टाकायचा तो फेरफार करणाऱ्यावरच.

म्हणून माझं मत असं की बूटलोडरमध्ये फेरफार जितके कमी तितकं बरं. सोय आहे म्हणून सगळंच तिथे लिहायचा मोह होतो. पण कर्नल आणि गाठोडी दुरून बदलता येतात. यू-बूट बदलताना मध्येच वीज गेली तर पेटी दगड होते, आणि मग निपाणीहून माणूस पाठवावा लागतो. शिवाय वर्णन अर्धं फाइलीत आणि अर्धं सी भाषेच्या कोडमध्ये राहिलं की खरं कुठलं हे दोन वर्षांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. मेमरी, मॅक पत्ता, बोर्डाचा प्रकार, चढवलेली कार्डं आणि कर्नलच्या सूचना: जे फक्त त्या क्षणी, त्या जागीच कळतं तेवढंच तिथे लिहावं. बाकी सगळं फाइलीत.

घरात रास्पबेरी पाय किंवा तसला कुठलाही लिनक्सवाला बोर्ड असेल तर ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये ‘डिव्हाइस-ट्री’ हा फोल्डर उघडून बघा. तिथल्या ‘मॉडेल’ फाइलीत बोर्डाचं नाव सापडेल, ‘चोझन’मध्ये कर्नलला दिलेल्या सूचना. हीच माहिती डीटीसीने उलट मजकुरात काढता येते. ती काढा, मेमरी कार्डावरच्या मूळ गाठोडीचा मजकूरही तसाच काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघा. ज्या ओळी जुळणार नाहीत, त्यातल्या बहुतेक कर्नल जागा होण्याआधी लिहिल्या गेल्या आहेत.